अँटिव्हायरस कोणता घ्यावा, हा तुमचा पहिला प्रश्न नाही

प्रश्न : मी कराडजवळच्या एका गावात राहते आणि बरीच वर्षे घरी डीटीपीचे काम करते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल असे काम असते आणि फाइली पेनड्राइव्हवरून छापखान्यात जातात. गेल्या महिन्यात छापखान्यातून परत आलेला पेनड्राइव्ह लावला, तर त्यातली सगळी फोल्डर्स शॉर्टकट झालेली दिसली. तेव्हापासून संगणक मंद झाला आहे आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, ताबडतोब नूतनीकरण करा’ अशा अर्थाची लाल सूचना इंग्रजीत सारखी येते. संगणक दुकानातून असेंबल करून घेतलेला आहे, त्यात विंडोज १० आहे. त्याच संगणकावर अकरावीतला मुलगा गेम खेळतो आणि यजमान नेट बँकिंग करतात. दुरुस्तीला येणारे गृहस्थ म्हणतात, ‘फॉरमॅट मारतो, सगळी सॉफ्टवेअर फुल व्हर्जन टाकतो आणि वर एक चांगला अँटिव्हायरसही देतो.’ कोणता अँटिव्हायरस घ्यावा? फॉरमॅट करावे का? आणि बँकेचे व्यवहार या संगणकावर करणे सुरक्षित आहे का? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर :

सप्रेम नमस्कार, ताई.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात दिरंगाई चालणार नाही. या संगणकावर आजपासून बँकेचा कोणताही व्यवहार करू नका. यजमानांना आपल्या मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून नेट बँकिंगचा पासवर्ड बदलायला सांगा, तुमच्या ईमेलचा पासवर्डही तसाच बदला आणि ईमेलच्या सुरक्षा विभागात जाऊन इतर सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय वापरा. हे काम याच संगणकावर केले, तर नवा पासवर्डही जुन्याच वाटेने जाण्याची भीती आहे. ईमेल यासाठी की बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच पुन्हा मिळवता येतात. ते एक खाते गेले की त्यामागून इतर खाती जायला वेळ लागत नाही.

आता पेनड्राइव्हकडे वळू. तुमची फोल्डर्स शॉर्टकट झालेली नाहीत, ती तिथेच आहेत. हा किडा, म्हणजे स्वतःच्या प्रती पसरवत जाणारा घातक प्रोग्राम, मूळ फोल्डर्सना ‘लपवलेले’ असा शिक्का मारतो आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट वर मांडून ठेवतो. आपण त्यावर डबल क्लिक केले की आधी किड्याचा प्रोग्राम चालतो आणि मग आपले फोल्डरही उघडते, त्यामुळे काही बिघडल्याचा संशयसुद्धा येत नाही. छापखाने, झेरॉक्सची दुकाने आणि सायबर कॅफे अशा ठिकाणी दिवसभर अनेकांचे पेनड्राइव्ह एकाच संगणकाला लागतात, म्हणून हा प्रकार तिथे इतकी वर्षे टिकून आहे. संगणक स्वच्छ होईपर्यंत तो पेनड्राइव्ह लावू नका, कारण अशा संगणकाला लावलेला प्रत्येक पेनड्राइव्ह पुन्हा बाधित होतो. संगणक स्वच्छ झाल्यावर फाइल एक्स्प्लोररमध्ये लपवलेल्या फाइली आणि संरक्षित सिस्टम फाइली दाखवण्याचे दोन्ही पर्याय सुरू करा, शॉर्टकटना हात न लावता फिक्या रंगात दिसणारी मूळ फोल्डर्स उघडा, आतल्या फाइली नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

कोपऱ्यातली लाल सूचना मात्र बहुधा व्हायरसची नाही. एखादे संकेतस्थळ उघडताना ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे कोणीतरी विचारले असेल आणि घरातल्या कोणीतरी ते दाबले असेल. त्या एका दाबण्याने त्या संकेतस्थळाला ब्राउझरमार्फत तुमच्या पडद्यावर हवी तेव्हा सूचना धाडण्याची परवानगी मिळते आणि ते प्रसिद्ध अँटिव्हायरस कंपन्यांची चिन्हे लावून घाबरवणाऱ्या जाहिराती पाठवत राहते. क्रोम किंवा एजच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स उघडा, परवानगी दिलेल्या अनोळखी संकेतस्थळांची नावे काढून टाका, सूचना थांबतील. त्यावर क्लिक करून पैसे भरू नका. संगणकात खरोखर काही सापडले असेल, तर ते विंडोज सिक्युरिटी या विंडोजच्याच खिडकीत नोंदलेले असते, तिथे जाऊन पाहावे. कधी पूर्ण पडदा व्यापून ‘या क्रमांकावर फोन करा’ असे दिसले, तर तो क्रमांक ठगांचाच असतो, कारण मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा.

तुमच्या पत्रातला मला सर्वांत अधिक खटकलेला शब्द या दोन्हींपेक्षा वेगळा आहे, तो म्हणजे ‘फुल व्हर्जन’. आपल्याकडे त्याचा अर्थ क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडून फुकट वापरलेले सॉफ्टवेअर असा असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. चोरीचा किंवा कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. मला त्यातली कार्यपद्धती तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे. क्रॅक चालवताना जवळजवळ प्रत्येक वेळी पहिली सूचना असते की अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा, आणि दुसरी असते की हे फोल्डर तपासणीतून वगळा. अँटिव्हायरसने ओरड केली तर ‘ती खोटी ओरड असते’ असे समजावले जाते. म्हणजे आपण कोणी लिहिला हे माहीत नसलेला प्रोग्राम, संगणकाचे सर्वाधिकार देऊन, पहारेकऱ्याला स्वतःच्या हाताने बाजूला करून चालवतो. त्यानंतर कितीही महागडा अँटिव्हायरस टाकला, तरी वगळलेल्या फोल्डरकडे तो पाहणारच नाही. घरगुती संगणकांवर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामांमध्ये ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखले जाणारे कुटुंब फार पसरलेले आहे, आणि त्याच्या प्रसाराचा मुख्य मार्ग विकतच्या सॉफ्टवेअरचे क्रॅक आणि परवान्याची बनावट की तयार करणारे प्रोग्राम हाच राहिला आहे. आजच एक गोष्ट तपासा. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमध्ये तळाशी एक्सक्लूजन्स नावाची यादी असते. घरगुती संगणकावर ती रिकामी असायला हवी. तिथे एखादे फोल्डर, किंवा अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर तुमचा संगणक किती दिवस उघडा आहे याचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल.

नेट बँकिंगविषयी मी इतका आग्रह का धरतो, तेही याच संदर्भात सांगायला हवे. आताचे पुष्कळसे घातक प्रोग्राम संगणक बंद पाडत नाहीत किंवा पडद्यावर काही दाखवत नाहीत. ते गुपचूप ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डाचे तपशील आणि कुकीज उचलतात आणि आपल्या मालकाला पाठवतात. कुकी म्हणजे देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर मिळणारा बिल्ला समजा: बिल्ला दाखवणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी देऊन एकदा आत गेलात की संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरला असा बिल्ला देते, आणि तो चोरणाऱ्याला पुष्कळदा ओटीपीचीही गरज पडत नाही. म्हणूनच पासवर्ड बदलण्याबरोबर सर्व उपकरणांवरून बाहेर पडायला मी सांगितले. ‘लुमा’ नावाच्या अशाच एका चोर प्रोग्रामाविरुद्ध मायक्रोसॉफ्ट आणि युरोपोल ही युरोपीय पोलिस यंत्रणा यांनी मे २०२५मध्ये कारवाई केली, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरातले सुमारे ३ लाख ९४ हजार विंडोज संगणक त्याने बाधित झाल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. यांतले बहुतेक मालक आपला संगणक ठणठणीत आहे असेच समजत असणार.

तर फॉरमॅट करावे का? तुमच्या बाबतीत माझे उत्तर स्पष्टपणे होय असे आहे. एखादा साधा किडा सापडला असता, तर विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी सुचवून मी थांबलो असतो. ती विंडोज सुरू होण्यापूर्वी चालते, त्यामुळे लपून बसलेले बरेच काही तिला सापडते. पण संगणकातले विंडोजच जर क्रॅक करून चालू केलेले असेल, तर तपासणीचा निकाल कितपत खरा मानायचा हे कोणीच सांगू शकत नाही. अशा वेळी पाया नव्याने घालणेच शहाणपणाचे. मात्र ते त्या गृहस्थांच्या पेनड्राइव्हवरून नको. विंडोजची मूळ प्रत मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ती नातेवाइकांच्या किंवा शेजारच्या स्वच्छ संगणकावर उतरवून घ्या आणि तीच बसवायला सांगा. परवाना वेगळा विकत घ्यावा लागेल, कारण असेंबल केलेल्या संगणकासोबत तो सहसा आलेला नसतो. अगदी नाममात्र किमतीत ऑनलाइन मिळणाऱ्या परवान्यांच्या नादी लागू नका. फॉरमॅटपूर्वी तुमच्या कामाच्या फाइली, फोटो आणि फॉन्ट बाहेर काढून घ्या, पण जुने सेटअप, क्रॅक आणि मुलाने उतरवलेले गेम यांतले काहीही सोबत घेऊ नका. नाहीतर नव्या घरात जुनीच वाळवी येईल. त्या फाइली परत ठेवण्यापूर्वी नव्या विंडोजवर त्यांची पूर्ण तपासणी करा.

विंडोज १०विषयी थोडे. त्याच्या मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली, पण ती सोय परवानाधारक विंडोजसाठी आहे. सुधारणा म्हणजे विनाकारण संगणक अडवून बसणारा उपद्रव, असा आपल्याकडे समज आहे आणि दुरुस्ती करणारेही पुष्कळदा त्या बंद करून देतात. २०१७ सालचे उदाहरण पाहा. विंडोजमधली एक गंभीर फट बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या मार्चमध्ये दिली. १२ मे रोजी त्याच फटीतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम शिरला आणि ब्रिटनच्या रुग्णालयांसह जगभरातल्या असंख्य संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. जूनअखेर आलेल्या ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या घातक प्रोग्रामानेही पसरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांत ही फट होती, आणि त्या वेळी आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. उपाय हातात असूनही दोन-तीन महिने तो लावला गेला नव्हता, एवढ्याने किती नुकसान झाले पाहा. तुमच्या संगणकाचा प्रोसेसर आणि मदरबोर्ड विंडोज ११च्या अटींत बसत असेल, तर फॉरमॅट करताना तेच घ्या. बसत नसेल, तर जुना संगणक इंटरनेटची जोडणी काढून केवळ मांडणीच्या कामाला ठेवायचा आणि ईमेल, ब्राउझर यांसाठी दुसरे साधे यंत्र वापरायचे, हाही सरळ आणि परवडणारा मार्ग आहे.

सॉफ्टवेअर विकत घ्यायचे तर खर्च वाढतो, हे मला समजते, आणि घरून काम करणाऱ्या स्त्रीला तो सहज झेपत नाही हेही मी जाणतो. सगळे एकदम विकत घ्यावे लागणार नाही. ज्यावर तुमची रोजची कमाई अवलंबून आहे ते एक सॉफ्टवेअर रीतसर घ्या. बाकीच्यासाठी लिबरऑफिस, चित्रांसाठी इंकस्केप आणि गिंप, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस हे कायदेशीर आणि विनामूल्य पर्याय त्यांच्या मूळ संकेतस्थळांवर उपलब्ध आहेत. मराठी टंकलेखनासाठी विंडोजमध्येच इनस्क्रिप्ट कळफलक असतो आणि मुक्ता, बालू यांसारखे सुंदर युनिकोड (म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या सर्वमान्य संकेतपद्धतीचे) फॉन्ट मोफत मिळतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि रफार तपासत बसावे लागते, ते काम किचकट आहे. म्हणून जुने तसेच राहू द्या आणि नवी कामे युनिकोडमध्ये सुरू करा.

अँटिव्हायरसचा प्रश्न एवढे सगळे झाल्यावर फार छोटा उरतो. विंडोज ८पासून डिफेंडर विंडोजमध्येच येतो, स्वतंत्र चाचण्यांमध्ये त्याची कामगिरी गेली काही वर्षे चांगली ठरत आली आहे, आणि तुमच्या घरासाठी तो पुरेसा आहे. अडचण आल्यावर फोनवर बोलायला कोणी हवे असे वाटत असेल, तर पैसे देऊन घेण्यातही काही गैर नाही. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून काटकर बंधूंनी पुण्यात उभी केलेली क्विक हील ही तर आपल्याच मातीतली कंपनी आहे. घ्याल तो अधिकृत परवाना घ्या, त्याची मुदत संपल्यावर एक तर नूतनीकरण करा किंवा तो पूर्ण काढून टाका, आणि एका वेळी एकच ठेवा. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही बाधित संगणक साफ करणारी साधने मोफत मिळतात.

मुलाबद्दल तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलेले नाही, ते मला आवडले. नव्या विंडोजवर प्रत्येकाचे वेगळे खाते करा. मुलाचे, यजमानांचे आणि तुमच्या रोजच्या कामाचेही खाते साधे ठेवा. प्रशासकाचे खाते वेगळे असावे आणि त्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे असावा. मग काहीही बसवायचे झाले की संगणक तो पासवर्ड मागेल आणि त्या निमित्ताने तुमचे आणि मुलाचे बोलणे होईल. त्याला एक नवी युक्ती आवर्जून दाखवून ठेवा: काही बनावट पाने ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे सांगून विंडोजची कळ आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, आणि शेवटी एंटर दाबायला लावतात. पहिल्या जोडीने आज्ञा देण्याची चौकट उघडते, दुसरीने त्या पानाने आधीच नकळत कॉपी करून ठेवलेली आज्ञा तिथे चिकटते आणि एंटर दाबताच आपण आपल्याच हाताने चोर प्रोग्राम चालवतो. कोणतीही खरी तपासणी असे करायला सांगत नाही. गेममध्ये फसवून जिंकून देणारे ‘चीट’ आणि अनोळखी व्हिडिओखाली दिलेले दुवे ही चोर प्रोग्रामांची नेहमीची ठिकाणे आहेत, हेही त्याला सांगा. चूक झाली तर रागावले जाणार नाही, पण लगेच सांगायचे, असा शब्द त्याला द्या आणि पाळा, कारण अशा प्रसंगी पहिला तास फार मोलाचा असतो.

फाइलींच्या प्रतींबाबत मात्र मी अजिबात सवलत देणार नाही. कामाच्या फाइलींच्या तीन प्रती हव्यात: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी, जिथे १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. हार्ड डिस्क कॉपी करण्यापुरती जोडा आणि लगेच काढून कपाटात ठेवा; कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्राम संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. अधूनमधून त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून पाहा, कारण न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही. एवढे केलेत की कोणी फाइली अडवल्या तरी पैसे देण्याची वेळ येणार नाही. तशी वेळ आलीच, तर युरोपोल आणि इतरांनी २०१६ साली सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये ठरावीक फोल्डर्सना अनोळखी प्रोग्रामपासून जपणारी सोय आहे, ती मुळात बंद असते. ती सुरू करा.

वायफाय राउटरचा कंपनीने दिलेला प्रशासक पासवर्ड बदलून टाका. दुरुस्ती करणाऱ्यांनी दुरून संगणक हाताळण्यासाठी एनीडेस्कसारखे काही बसवले असेल, तर काम संपताच ते काढून टाका. बँकेचा पत्ता शोधयंत्रात शोधू नका, स्वतः टाइप करा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ असे संपतात. खात्यातून पैसे गेलेच, तर आधी १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन येथे तक्रार नोंदवा.

उरले छापखान्याशी होणारे देणेघेणे. शक्य तिथे फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ ईमेलने पाठवा. पेनड्राइव्ह द्यावाच लागला, तर बाहेर जाण्यासाठी एकच वेगळा ठेवा, त्यात मूळ फाइली नको, आणि परत आला की काही न उघडता फॉरमॅट करा. छापखान्याच्या मालकांना झाला प्रकार सांगा. त्यांच्या संगणकात तो किडा अजून असेल तर इतर गिऱ्हाइकांनाही त्रास होत असणार. ज्या शाळांच्या प्रश्नपत्रिका या महिन्याभरात तुमच्या संगणकावर होत्या, त्यांच्या मुख्याध्यापकांनाही कळवा. हे सांगणे अवघड वाटेल, पण परीक्षा अजून व्हायची असेल तर पत्रिका बदलायची की नाही हे त्यांना वेळेत ठरवता आले पाहिजे.